ताप, पत्ता आणि संगणक : सार्वजनिक आरोग्यातील माहिती तंत्रज्ञानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील आरोग्य केंद्रांत, खासगी दवाखान्यांत आणि वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांकडून, तसेच वैद्यकीय व समाजकार्य शाखांच्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत आणि काही दोन-चार ओळींत संपली आहेत. प्रश्नाचा जीव जेवढा, तेवढेच उत्तर ठेवले आहे.

सार्वजनिक आरोग्यात माहिती तंत्रज्ञान वापरणे म्हणजे ॲप तयार करणे का?

नाही. ॲप हा या साखळीतला एक छोटा दुवा आहे. एखाद्या चाळीतल्या माणसाला ताप येतो, तो डॉक्टरांकडे जातो, रक्त तपासले जाते, निदान होते, ते कुठेतरी नोंदवले जाते, ती नोंद विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचते आणि मग कोणीतरी त्या चाळीत जाऊन पाण्याच्या पिंपावरचे झाकण उचलून पाहते. या सगळ्याला किती दिवस लागतात, हा खरा प्रश्न आहे. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे नोंद बाराव्या दिवशी पोहोचली, तर त्या पिंपातली पुढची पिढी उडून गेलेली असते आणि आपण रिकामे पिंप तपासून परत येतो. हे दिवस कमी करणारे कोणतेही साधन, मग तो साधा फोन का असेना, उपयोगाचे आहे. दिवस कमी न करणारे साधन कितीही देखणे असले तरी त्याचा उपयोग शंकास्पद आहे.

मुंबईची अडचण इतर शहरांहून वेगळी आहे का?

काही बाबतींत आहे. येथे माणूस राहतो कुर्ल्याला, कामाला जातो लोअर परळला आणि तब्येत बिघडली की बहिणीकडे कळव्याला जाऊन तिथल्या डॉक्टरांना दाखवतो. निदान जिथे झाले तिथे नोंद होते, पण डास कुठे चावला हे त्या नोंदीवरून कळत नाही. शिवाय बहुसंख्य लोक तापासाठी प्रथम गल्लीतल्या खासगी डॉक्टरांकडे जातात आणि सरकारी व्यवस्थेला रुग्ण दिसतो तो उशिरा.

ही अडचण जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा शहरातील मृत्यूंची साप्ताहिक नोंद ठेवली जात होती. परंतु माणसे भीतीने शहर सोडून जात होती आणि घरातला रुग्ण लपवत होती, त्यामुळे नोंद आणि वास्तव यांत अंतर पडत होते. ते अंतर मिटवणे हेच आजही या कामाचे स्वरूप आहे, फक्त साधने बदलली आहेत.

विभागातील माहिती वरपर्यंत कशी जाते?

नोव्हेंबर २००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन नमुने ठरले: लक्षणांवरून भरायचा एस, डॉक्टरांच्या संभाव्य निदानावरून भरायचा पी आणि प्रयोगशाळेच्या अहवालावरून भरायचा एल. हे नमुने आठवड्याला एकदा वर जात आणि त्यांत रुग्णांची केवळ संख्या असे. एप्रिल २०२१ पासून त्याची जागा एकात्मिक आरोग्य माहिती मंचाने घेतली. पूर्वी १८ आजारांवर लक्ष ठेवले जात असे, या मंचावर सुरुवातीला ३३ आजारांचा समावेश झाला, आणि प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद करण्याची सोय झाली. संख्येकडून रुग्णाकडे झालेला हा बदल महत्त्वाचा आहे, कारण ‘या आठवड्यात डेंग्यूचे ७ रुग्ण’ एवढ्या वाक्यावर फवारणीचे पथक कुठेही पाठवता येत नाही.

नकाशावर रुग्ण दाखवणे इतके अवघड का जाते? पत्ता तर केसपेपरवर लिहिलेला असतो.

लिहिलेला असतो, पण तो माणसाला समजेल असा असतो, संगणकाला समजेल असा नसतो. ‘सार्वजनिक शौचालयाच्या मागे, पिंपळाजवळ, राशनच्या दुकानासमोरची गल्ली’ हा पत्ता त्या वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकेला पुरेसा असतो. ती डोळे मिटून तिथे जाते. संगणकाला मात्र यातून काहीच सापडत नाही. पिनकोडचा आधार घ्यावा तर टपाल खात्याच्या सीमा आणि महापालिकेच्या विभागांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे एकाच पिनकोडातले रुग्ण दोन विभागांत विभागले जातात आणि दोन्ही कार्यालये ते दुसऱ्याचे समजतात.

काही वर्षांपूर्वी एका विभागात आम्ही मोठ्या उत्साहाने डेंग्यूच्या रुग्णांचा नकाशा तयार केला होता. एका मोकळ्या मैदानाच्या मधोमध लाल ठिपक्यांचा दाट पुंजका दिसत होता. पथक तिथे जाऊन फवारणी करून आले. चार दिवसांनी एका स्वयंसेविकेने विचारले, ‘साहेब, त्या मैदानात राहतं कोण?’ तेव्हा शोध घेतला. ज्या रुग्णांचा पत्ता प्रणालीला सापडला नाही, त्या सर्वांना प्रणालीने विभागाच्या भौगोलिक मध्यावर नेऊन ठेवले होते, आणि तो मध्य नेमका मैदानात येत होता. म्हणजे तो पुंजका आजाराचा नव्हता, आमच्या अपुऱ्या पत्त्यांचा होता. तेव्हापासून आम्ही न सापडलेले पत्ते नकाशावर टाकत नाही. त्यांची वेगळी यादी करतो आणि नकाशाच्या खाली ‘इतक्या रुग्णांचे ठिकाण कळलेले नाही’ असे ठळक लिहितो.

यावर उपाय म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पत्त्याच्या रकान्याशेजारी ‘जवळची खूण’ असा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि तो सक्तीचा करावा. वस्तीतल्या गल्ल्यांना जी नावे लोक बोलताना वापरतात, त्यांची यादी त्या भागातल्या स्वयंसेविकांना सोबत बसवून एकदाच तयार करावी आणि नोंद करताना त्या यादीतूनच नाव निवडावे. घरभेटीच्या वेळी मोबाईलवरून ठिकाण टिपावे, मात्र त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. उघड्यावर मोबाईलची चूक पाच-दहा मीटरची असते, पण पत्र्यांच्या अरुंद गल्लीत ती बरीच वाढते आणि टॉवरमध्ये कितवा मजला हे त्यातून कळतच नाही. मजला हाताने लिहावा लागतो, आणि डासांच्या कामात गच्चीवरच्या टाकीमुळे तो महत्त्वाचा असतो. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा अभ्यास करून घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवले होते. त्यांच्या काळात विहीर, आज टाकी. प्रश्न तेव्हाही ‘नेमकी कुठे’ हाच होता.

एकाच रुग्णाची दोनदा नोंद झाली आहे, हे कसे ओळखावे?

नावावरून ओळखणे धोक्याचे आहे. शेख हे आडनाव इंग्रजी अक्षरांत पाच-सहा प्रकारे लिहिले जाते. लग्नानंतर काहींचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलते. आणि एकच मोबाईल क्रमांक घरातल्या पाच जणांच्या नावापुढे असतो. म्हणून नाव, अंदाजे वय, लिंग, मोबाईल आणि वस्ती यांपैकी किती गोष्टी जुळतात हे पाहून संगणकाने संशयित जोड्या सुचवाव्यात आणि अंतिम निर्णय माणसाने घ्यावा. जन्मतारीख माहीत नसताना १ जानेवारी लिहून टाकण्याची सवय सोडावी. एका यादीत निम्मी वस्ती नववर्षाच्या दिवशी जन्मलेली आम्ही पाहिली आहे.

आभा क्रमांक नसेल तर उपचार नाकारता येतात का?

नाही. आभा, म्हणजे आपल्या आरोग्य नोंदी एकत्र जोडणारा १४ अंकी ओळख क्रमांक, ऐच्छिक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशभर सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. या व्यवस्थेत आपल्या नोंदी कोणाला दाखवायच्या याची संमती रुग्णाने द्यायची असते आणि ती मागेही घेता येते. रांगेत उभ्या माणसाला ‘आधी आभा काढा, मग डॉक्टर’ असे सांगणे चुकीचे आहे.

क्षयरोगाच्या कामात संगणकामुळे खरोखर फरक पडला का?

पडला, आणि या विषयातले सर्वांत ठोस उदाहरण तेच आहे. ७ मे २०१२ रोजी क्षयरोगाची नोंद शासनाला कळवणे बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी निक्षय ही प्रणाली आली. त्यापूर्वी खासगी डॉक्टरांकडे औषध घेणारा रुग्ण शासनाच्या हिशेबात जवळजवळ नसायचाच. आता रुग्णाची नोंद, त्याच्या तपासण्या, औषधांना जंतू दाद देतात की नाही याचा अहवाल आणि पोषणासाठीची रक्कम हे सर्व एकाच ठिकाणी असते. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात जमा होत असत; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. पैसे खात्यात जातात म्हणून खाते क्रमांक बिनचूक भरला जातो, आणि त्यासोबत बाकीची नोंदही नीट होते, हा आमचा अनुभव आहे.

मुंबईत एक खास अडचण येते: ‘गावाला गेला’. मे महिन्यात, गणपतीत किंवा पेरणीच्या वेळी रुग्ण कोकणात, साताऱ्यात किंवा थेट उत्तर प्रदेशात जातो आणि उपचार तुटतो. साध्या क्षयरोगाचे औषध किमान सहा महिने घ्यावे लागते आणि मध्येच सोडल्यास जंतू औषधाला दाद देईनासे होतात. निक्षयमधून रुग्णाची नोंद गावाजवळच्या केंद्राकडे वर्ग करता येते. मात्र हे बटण दाबून होत नाही. रुग्ण निघण्याआधी कोणीतरी त्याला ‘गाडी कधीची आहे?’ असे विचारावे लागते. आमच्या मते हा प्रश्न सुट्ट्यांच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रत्येक रुग्णाला विचारायच्या यादीतच असावा.

औषध घेतले की नाही हे कळण्यासाठी ९९डॉट्स ही युक्ती वापरली गेली: गोळी बाहेर काढली की पाकिटावर लपलेला एक क्रमांक दिसतो आणि रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. कल्पना साधी आणि स्वस्त आहे. पण मिस्ड कॉल म्हणजे गोळी पोटात गेल्याचा पुरावा नव्हे, आणि कॉल न येणे म्हणजे गोळी चुकली असेही नव्हे. कधी फोन मुलाकडे असतो, कधी रिचार्ज संपलेले असते. कोणाच्या घरी आज आधी जायचे, हे ठरवण्यापुरता या माहितीचा उपयोग करावा.

लसीकरणात कोविनचा अनुभव पुढे कामी आला का?

बऱ्याच अंशी. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसीकरण सुरू झाले आणि २१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत देशात १०० कोटी मात्रांची नोंद कोविनवर झाली, हे प्रमाण मोठेच आहे. पण मे २०२१ मध्ये तरुण वयोगटासाठी फक्त ऑनलाइन वेळ घेण्याची अट असताना, ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट होते त्यांनी काही मिनिटांत जागा भरल्या आणि ज्यांच्या वस्तीत केंद्र होते ते बाहेर उभे राहिले. त्या महिन्याच्या अखेरीस केंद्रावरच नोंदणीला परवानगी मिळाली. कोणतीही प्रणाली आणताना तिच्याबाहेर कोण राहणार, हे आधी विचारायचे ते यासाठी.

बालकांच्या व गरोदर मातांच्या लसीकरणासाठी यू-विन या नोंद-प्रणालीचा प्रायोगिक वापर २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली की नाही हे पाहणारी ई-विन ही व्यवस्था त्याआधीपासून आहे. शीतपेटीचे तापमान बिघडले की ती संबंधितांना मोबाईलवर कळवते. ही प्रणाली फारशी कोणाला माहीत नसते, पण आमच्या मते ती या यादीतली सर्वांत चोख आहे, कारण तापमान नोंदवायला तिच्यात कोणाला काही टाइप करावे लागत नाही.

२०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, तेव्हा लस राहून गेलेल्या बालकांच्या याद्या घरोघर फिरून नव्याने कराव्या लागल्या. नावे कुठे ना कुठे असतातच, पण भाड्याची खोली बदलली की बालक जुन्या यादीत ‘आढळले नाही’ आणि नव्या यादीत नसतेच. पुन्हा पत्त्याचाच प्रश्न.

‘ॲप आल्यापासून काम दुप्पट झाले’ ही आरोग्य सेविकांची तक्रार खरी आहे का?

खरी आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी. दुपारी दोन वाजता वस्तीतून परतलेली सेविका आधी वहीत लिहिते, मग तेच रजिस्टरमध्ये उतरवते, मग एका ॲपमध्ये, नंतर दुसऱ्या ॲपमध्ये, आणि संध्याकाळी साहेबांनी मागितले म्हणून तेच आकडे व्हॉट्सॲपवर पाठवते. तिच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लांबट वही असते. तिच्या समासात तिने स्वतःच्या खुणा केलेल्या असतात: फुली म्हणजे दार बंद, गोल म्हणजे सासू नाही म्हणते, दोन रेघा म्हणजे पुन्हा संध्याकाळी. कोणत्याही ॲपमध्ये या खुणांना जागा नाही, आणि तिचे खरे काम याच खुणांवर चालते.

आमचे दोन आग्रह आहेत. नवीन नोंद-प्रणाली सुरू करताना एक जुने रजिस्टर लेखी आदेशाने बंद करावे. ते बंद करता येत नसेल, तर नवीन प्रणाली सुरू करू नये. दुसरे म्हणजे, जिने माहिती भरली तिला त्यातून काहीतरी परत मिळावे. सोमवारी सकाळी तिच्या भागातल्या, त्या आठवड्यात लस द्यायच्या बालकांची गल्लीवार यादी एका कागदावर छापून तिच्या हातात दिली, तर पुढच्या आठवड्याच्या नोंदी आपोआप सुधारतात. कारण चुकीचा पत्ता लिहिला, तर त्या उन्हात फेरी तिलाच पडते.

डॅशबोर्डवर आकडा कमी झाला, म्हणजे आजार कमी झाला का?

लगेच तसे समजू नये. आधी किती केंद्रांनी त्या आठवड्यात अहवाल पाठवला ते पहावे. शून्य रुग्ण आणि रिकामा रकाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक प्रणाली दोन्ही सारख्याच दाखवतात, आणि ही चूक सर्वांत महागात पडते. दिवाळीच्या आठवड्यात आकडे घसरतात कारण दवाखाने बंद असतात. चाचणीचे किट संपले की रुग्ण ‘कमी’ होतात. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, तर शरीरातील प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम चाचणी त्यानंतर. चाचणी बदलली की आलेखही बदलतो. उलट, एखाद्या विभागात रुग्ण अचानक वाढले तर तेथील अधिकाऱ्यांना जाब विचारण्यापूर्वी खासगी प्रयोगशाळा नव्याने जोडल्या गेल्या आहेत का, हे विचारावे. चांगली नोंद करणाऱ्याला शिक्षा झाली की पुढच्या वर्षी आकडे आपोआप सुंदर होतात.

कृत्रिम बुद्धिमत्ता साथ येण्यापूर्वी सांगू शकते का?

सावध राहावे. २००८ मध्ये गुगलने लोकांच्या शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारी सेवा सुरू केली होती; २०१२-१३ च्या हंगामात तिचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार जास्त निघाले आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. फ्लूची बातमी वाचून निरोगी माणूसही शोध घेतो, हे त्यामागचे एक साधे कारण होते. त्यापेक्षा सांडपाण्याची तपासणी अधिक भरवशाची आहे. मुंबईत पोलिओसाठी ती २००१ पासून होत आली आहे, आणि सांडपाणी कोणाच्या नोंदणीवर अवलंबून नसते. छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाचा संशय दाखवणारी सॉफ्टवेअर मात्र उपयोगी ठरत आहेत. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या प्राथमिक तपासणीत ती वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. निदान तरीही थुंकीच्या तपासणीनेच पक्के करायचे असते.

रुग्णांची यादी व्हॉट्सॲप गटावर पाठवणे चालेल का?

चालणार नाही. नाव, पत्ता आणि आजार असलेली यादी गटावर गेली की ती कोणाच्या मोबाईलमध्ये कुठवर जाईल यावर आपला ताबा राहत नाही. यादी पाठवायचीच असेल तर प्रत्येकाला फक्त त्याच्या भागातली, प्रणालीतूनच द्यावी. सोसायटीच्या गटावर शेजाऱ्याच्या आजाराची वार्ता पोहोचल्याचे परिणाम कोविडकाळात सर्वांनी पाहिले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. एचआयव्हीविषयी २०१७ चा स्वतंत्र कायदा गोपनीयतेचे बंधन घालतो. जाहीर नकाशात ठिपके घरावर न टाकता वस्तीची एकत्रित छटा द्यावी, आणि वस्तीत एकच रुग्ण असेल तर तीही देऊ नये. प्लेगच्या काळात घरांच्या झडत्या सुरू झाल्या आणि लोक रुग्ण लपवू लागले; आज माहिती फुटते असे कळले की लोक खोटा मोबाईल क्रमांक देतात.

आमचा एका खोलीचा खासगी दवाखाना आहे. आम्ही सुरुवात कशी करावी?

सॉफ्टवेअर विकत घेऊन करू नये. निक्षयवर नोंदणी करून घ्यावी, कारण क्षयरोग कळवणे कायद्याने आवश्यक आहे. विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा फोन क्रमांक टेबलाच्या काचेखाली ठेवावा आणि एकाच गल्लीतून तीन-चार सारखे रुग्ण आले की त्याच दिवशी कळवावे. केसपेपरवर जवळची खूण लिहावी. एवढे पुरे.

संस्थेसाठी कोणती मोफत साधने आहेत?

नकाशांसाठी क्यूजीआयएस, घरभेटीच्या नोंदींसाठी ओडीके, साथीच्या विश्लेषणासाठी एपी इन्फो आणि मोठ्या व्यवस्थेसाठी ओस्लो विद्यापीठात घडलेले डीएचआयएस२. साधन निवडण्याआधी प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत एका पानावर लिहून काढावा. ‘ताप’ म्हणजे मोजलेला की सांगितलेला, यावर एकमत नसेल तर कोणतेही साधन मदतीला येत नाही.

पावसाळ्यात वीज आणि नेट गेले तर?

नेमकी तेव्हाच माहितीची सर्वांत जास्त गरज असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येऊ लागले. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. म्हणजे पाणी कुठे तुंबले याची यादी त्या तीन दिवसांतच हाती हवी, रुग्ण येईपर्यंत थांबून चालणार नाही. यासाठी नेट नसताना मोबाईलमध्येच नोंद साठवून ठेवणारी आणि जोडणी आल्यावर ती पाठवणारी प्रणालीच घ्यावी. खरेदीपूर्वी ती विमान मोडवर टाकून दहा नोंदी करून पाहावी. मे महिन्यात कोऱ्या नमुन्यांचे दोन गठ्ठे, पेन्सिली आणि वस्तीचा छापील नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून केंद्राच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवावा. पेन्सिलीच, कारण ओल्या कागदावर पेनची शाई पसरते.